बत्तीस पानांचा संसार

लहान मुलांसाठी विनोदी पुस्तक लिहिणारा आणि त्यातली चित्रेही स्वतःच काढणारा माणूस 'लेखक-चित्रकार' या जोडनावाने ओळखला जातो. नावात दोघे असले तरी जेवायला एकच असतो, आणि मानधन ठरवताना प्रकाशकालाही तो एकच दिसतो. लेखकांच्या बैठकीत त्याची ओळख 'हे चित्रे फार छान काढतात' अशी करून दिली जाते, चित्रकारांच्या बैठकीत 'हे लिहितातसुद्धा' अशी. लग्नकार्यात त्याची ओळख करून देण्याची वेळ नातेवाईक शक्यतो येऊच देत नाहीत.

या कामाचे रीतसर शिक्षण कुठे मिळत नाही. कलाशाळेत शरीराची प्रमाणे शिकवतात. डोके एकूण उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढे असावे असे तिथे बजावून सांगतात. विनोदी बालपुस्तकात ते निम्मे असावे लागते. साहित्याच्या वर्गात विनोदाचे प्रकार शिकवतात: शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ, स्वभावनिष्ठ. साडेचार वर्षांच्या वाचकाला या तिन्हींनी कधीमधी हसू येते. पादण्याच्या उल्लेखाने मात्र ते हमखास येते, आणि त्या प्रकाराला अभ्यासक्रमात नाव नाही.

त्यामुळे या धंद्यात माणूस शिकून येत नाही, अडकून येतो. अडकवणारे बहुधा एखादे मूल असते. १८४४ च्या नाताळाआधी फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचे पुस्तक आणायला बाजारात गेले. दुकानातली पुस्तके उपदेशाने इतकी तुडुंब निघाली, की ते कोरी वही घेऊन परतले आणि ती स्वतःच भरली. तपासताना रडणाऱ्या लहान रुग्णांना गप्प करण्यासाठी कागदावर चित्रे काढायची सवय त्यांना होतीच. पुढच्या वर्षी ती वही छापली गेली आणि 'श्ट्रुव्हेलपेटर' या नावाने जगभर गेली. इंग्लंडात बिट्रिक्स पॉटर यांना १८९३ साली एका आजारी मुलाला पत्र लिहायचे होते आणि लिहिण्यासारखे काही सुचत नव्हते. म्हणून त्यांनी चार सशांची गोष्ट चित्रांसकट लिहून धाडली. बातमी नसली की पत्रात हवापाणी लिहिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

एडवर्ड लिअर तर मुळात गंभीर चित्रकार. अर्ल ऑफ डर्बी यांच्या खासगी प्राणिसंग्रहातले पशुपक्षी पीस न पीस मोजून रंगवण्यासाठी त्यांना नेमले होते. वाड्यातल्या मुलांना रिझवायला त्यांनी फावल्या वेळात सचित्र वात्रटिका केल्या, त्यांचे १८४६ मध्ये पुस्तक झाले, आणि लोक पिसे विसरून वात्रटिकांच्या मागे लागले. पुस्तक टोपणनावाने निघाले होते. पुढे खरे नाव छापूनही काही वाचकांची खात्री अशी, की लिअर नावाचा कोणी नाहीच. अर्लसाहेबांनीच 'अर्ल' या शब्दाची इंग्रजी अक्षरे फिरवून हे नाव बनवले आहे. आगगाडीच्या डब्यात असे ठासून सांगणाऱ्या एका गृहस्थाला लिअरना टोपी काढून आतले नाव दाखवावे लागले. मुलांसाठी विनोदी लिहिणारा माणूस खरोखर अस्तित्वात आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तेव्हापासून त्याच्यावरच आहे. हेच लिअर १८७३ च्या नोव्हेंबरात मुंबई बंदरात उतरले. पुढच्या वर्षी मुंबईच्याच 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांची एक कविता छापून आली. तिच्यात इथले शब्द अर्थ न बघता वापरले आहेत: नायिका धोब्यावर बसते आणि चपराशी नदीत पोहतात. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या मुंबईकराला यातले दुसरे फारसे चमत्कारिक वाटले नसावे. टेबलाशी नसलेला चपराशी कुठेतरी असणारच.

घरात मूल असलेच पाहिजे, असा मात्र नियम नाही. 'डॉ. सूस' या नावाने लिहिणारे अमेरिकेचे थिओडोर गायझेल यांना स्वतःचे मूल नव्हते. रात्री अखंड झोप मिळत असल्यामुळे त्यांचे काम इतरांपेक्षा अधिक झाले असावे, असे मानायला जागा आहे.

या धंद्याची खरी अडचण वेगळी आहे. पुस्तक विकत घेणारा एक असतो आणि ऐकणारा दुसरा. ज्याच्याकडे पैसे असतात त्याला हसू येत नाही. ज्याला हसू येते त्याच्याकडे पैसे नसतात. घेणारा गृहस्थ दुकानात पुस्तक मागच्या बाजूने उघडतो. आधी किंमत बघतो, मग शेवटचे पान बघतो आणि विचारतो, "यातून मुलांनी काय घ्यायचं?" मुलाने तोवर काउंटरवरचा खोडरबर घेतलेला असतो.

मराठीत ही खोड जन्मापासूनची आहे. तंजावरात सरफोजी राजांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये निघालेले 'बालबोधमुक्तावली' हे मराठीतल्या अगदी पहिल्या छापील बालपुस्तकांपैकी, आणि ते आहे इसापच्या गोष्टींचे भाषांतर. म्हणजे मराठी बालसाहित्य चालायला शिकले तेच तात्पर्याचे बोट धरून. ते बोट सोडायला त्याला फार वर्षे लागली, आणि अजूनही गर्दी दिसली की ते पटकन पुन्हा धरते. लोकांच्या लक्षात मात्र वेगळेच राहिले. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे ही मंडळी नावानिशी टिकली. त्यांच्या गोष्टींची तात्पर्ये विचारली तर चाहते गोंधळून एकमेकांकडे पाहतात.

तरीही घेणाऱ्याला दुखावून चालत नाही. यावरचा तोडगा हॉफमन यांनी त्या पहिल्या वहीतच काढून ठेवला आहे. त्यांनी उपदेश टाकून दिला नाही, तुटेपर्यंत ताणला. त्यांच्या पुस्तकातला एक गुटगुटीत मुलगा सूप पिणार नाही म्हणून हटून बसतो, दिवसेंदिवस सुतासारखा बारीक होतो आणि पाचव्या दिवशी मरतो. शेवटच्या चित्रात त्याच्या थडग्यावर सुपाचे भांडे ठेवलेले आहे. बापाला वाटते, पोराला शिस्त लागेल. पोराला भांडे बघून हसू येते. एकाच प्रतीत दोन पुस्तके विकली गेली. काही मुलांना त्या गोष्टींची भीतीही वाटते, पण 'पुन्हा वाच' म्हणून मागे लागतात तीही तीच.

लेखक आणि चित्रकार एकच असावा हे कशासाठी? खर्च वाचतो म्हणून, असे प्रकाशकाचे मत आहे. खरे कारण असे, की बालपुस्तकातला निम्मा विनोद चित्र आणि मजकूर यांच्या भांडणातून येतो. मजकूर म्हणतो, 'आजी शांत झोपली होती.' चित्रात आजी शांतच झोपलेली आहे, पण शेळी तिची गोधडी खात खात तिच्या पायापर्यंत आली आहे. शेळीचा उल्लेख मजकुरात कुठेही नाही. मोठा माणूस मजकूर वाचत असतो, म्हणून त्याला शेळी दिसत नाही. मुलाला वाचता येत नाही, म्हणून दिसते. बापाला न कळलेले आपल्याला कळले, यासारखा आनंद त्या वयात दुसरा नाही. लेखक वेगळा असला की तो शेळीचे वर्णन लिहून बसतो, आणि चित्रकार वेगळा असला की तो वर्णनाबरहुकूम शेळी काढतो. मग शेळी दोनदा येते आणि विनोद एकदाही येत नाही.

बंगालीत सुकुमार राय यांनी याची कमाल केली. त्यांनी बदक आणि साळिंदर यांची बंगाली नावे एकात एक घुसवून 'हांसजारू' नावाचा प्राणी केला. नाव ऐकून नुसती गंमत वाटते. त्यांनी स्वतः काढलेले चित्र पाहिले की असा प्राणी आहे आणि आपल्यालाच इतके दिवस कोणी सांगितले नाही, अशी खात्री पटते. सुकुमारांचे वडील उपेंद्रकिशोर यांनी १९१३ मध्ये 'संदेश' हे मुलांचे मासिक काढले होते, आणि सुकुमार स्वतः विलायतेत छपाईचे तंत्र शिकून आले होते. म्हणजे लिहिणारा, काढणारा आणि छापणारा घरचाच. इतकी सोय पुढे फार थोड्यांच्या वाट्याला आली. 'आबोल ताबोल' या पुस्तकाची मांडणी त्यांनी काळा आजाराने अंथरुणाला खिळलेले असताना केली. सप्टेंबर १९२३ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले, आणि पुस्तक त्यानंतर नऊ दिवसांनी बाहेर आले.

मराठीत लिहिणारा हात आणि काढणारा हात एकच असल्याचे ठळक उदाहरण माधुरी पुरंदरे यांचे. जे.जे.त आणि पुढे पॅरिसमध्ये चित्रकला शिकून त्यांनी 'राधाचं घर'मध्ये काय काढले, तर राधाचे घर आणि त्यातली माणसे. दारातल्या चपला, खुर्चीत बसलेले आजोबा अशा गोष्टींवर मूल किती वेळ थांबते, हे पान उलटायची घाई झालेल्या पालकालाच ठाऊक.

आता पानांविषयी. चित्रमय बालपुस्तक बहुधा बत्तीस पानांचे असते. यामागे बालमानसशास्त्र नाही, छापखाना आहे. मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ पाने छापून घडी घातली, की सोळा पानांचा एक फर्मा होतो. दोन फर्म्यांत पिना मारल्या की बत्तीस. त्यातून नावाचे पान, प्रकाशकाचा पत्ता आणि अर्पणपत्रिका वजा जाता गोष्टीला उरतात सत्तावीस-अठ्ठावीस पाने. गोष्ट त्याहून लांबली तर ती कापावी लागते. अलीकडे संपली तर मराठी प्रकाशनव्यवसायाने त्यावर फार पूर्वीच उपाय शोधलेला आहे: उरलेल्या पानांवर नुसत्या रेघांची चित्रे छापून खाली 'चित्र रंगवा' असे लिहायचे. न झालेले काम वाचकाकडून करून घेण्याची ही सोय कादंबरीकारांना नाही.

म्हणून या कामाची सुरुवात कागदांच्या घड्या घालून केलेल्या छोट्या वहीने होते. तिला डमी म्हणतात. पान उलटणे हेच या कलेतले मुख्य अवजार असल्याने कोणती गोष्ट कोणत्या पानावर पडते, हे तिच्यात ठरते. 'दार वाजले. बाबांनी कडी काढली, आणि...' हे उजव्या पानाच्या तळाशी यावे लागते. दारात कोण आहे ते पान उलटल्यावर. दोन्ही समोरासमोर आले की मूल आधीच गेंडा पाहते आणि बाबांची कडी फुकट जाते. नवशिक्याची दुसरी चूक म्हणजे दोन पानांवर ऐसपैस पसरलेले चित्र. गेंडा मधोमध काढला की त्याचे तोंड शिलाईत जाते. छापून आल्यावर डावीकडे कान, उजवीकडे पोट, आणि शिंगाच्या जागी पीन.

मजकूर थोडा असतो, म्हणून तो सोपा असेल असे समजू नये. मराठीत त्याचा कस लागतो तो जोडाक्षरविरहित पुस्तकात. नुकते वाचू लागलेल्या मुलासाठी जोडाक्षरे टाळून लिहिलेली पुस्तके मराठीत आहेत, आणि त्यांच्या मुखपृष्ठावर 'जोडाक्षरविरहित' असे लिहायचे म्हटले की त्यातच 'क्ष' येतो. आत गेल्यावर आधी जंगल ओस पडते. हत्ती, अस्वल, कोल्हा, चित्ता, बिबट्या सगळे बाद. गोठ्यातली म्हैस आणि दारातला कुत्राही जातो. उरतात वाघ, ससा, माकड, मगर, गाढव, बोका आणि उंदीर, आणि मराठी बालसाहित्यातला बराच कारभार याच मंडळींवर का चालतो, त्याचा उलगडा होतो. नातेवाइकांचेही तसेच. मामा, मावशी, काका, काकू, आजी, आजोबा खुशाल येतात. आत्याला मात्र मज्जाव आहे. यावरून काही घरांत रुसवे झाले असतील, तर दोष लेखकाचा नाही, लिपीचा आहे. पात्रांना काही म्हणता येत नाही, कारण 'म्हणाला'मध्ये 'म्ह' आहे. त्यामुळे ती सारखी ओरडतात, रडतात किंवा विचारतात. लग्न लागत नाही, विवाह होतो. खुद्द गोष्टीला 'गोष्ट' म्हणता येत नाही.

शाळेची स्थिती मात्र आदर्श होते. या शाळेत अभ्यास नाही, परीक्षा नाही, शिक्षक नाहीत, मुख्याध्यापक तर शक्यच नाहीत. गुरुजी आहेत, बाई आहेत, खडू, फळा, डबा आणि मधली सुटी आहे. मुलांना ही पुस्तके आवडतात यात नवल नाही. शिवाय 'तात्पर्य' या शब्दात लागोपाठ दोन जोडाक्षरे आहेत, तेव्हा तेही छापता येत नाही. हे कळल्यावर घेणारा गृहस्थ क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, "मग 'बोध' लिहा." लेखक-चित्रकार स्वतः या पुस्तकात निम्माच येऊ शकतो: लेखक चालतो, चित्रकार चालत नाही.

डॉ. सूस यांच्यापुढे असेच एक कुंपण घातले गेले होते. पहिलीतल्या मुलांना खाली ठेववणार नाही असे पुस्तक लिहा, पण शब्द या यादीतलेच घ्या, अशी एका प्रकाशकाची मागणी होती. वर्षाहून अधिक काळ डोके धरून बसल्यावर १९५७ मध्ये टोपीवाल्या मांजराचे पुस्तक निघाले; त्यात वेगवेगळे शब्द अवघे २३६ आहेत. मग दुसऱ्या प्रकाशकाने पैज लावली, की पन्नास शब्दांत पुस्तक होणार नाही. १९६० मध्ये तेही झाले. इतके कमी शब्द वापरून इतके पैसे मिळवणारे लोक एरवी फक्त वकिलीत आढळतात.

चित्रांची परीक्षा चित्रसमीक्षक घेत नाही, पाच वर्षांची मुलगी घेते. नायकाच्या सदऱ्याला चौथ्या पानावर चार गुंड्या असतील आणि एकोणिसाव्या पानावर तीन, तर ती बोट ठेवते. गुंडी कुठे गेली याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही, तर पुस्तक तिथेच थांबते. काही हुशार चित्रकारांनी अशा हरवलेल्या गुंडीवरच पुढचे पुस्तक केले असल्याचा संशय घेता येतो. हसवण्यासाठी चित्रात फार काही लागत नाही, हे शि. द. फडणीस यांच्याकडे पाहून कळते. मथळा नसलेल्या व्यंगचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या या चित्रकाराने बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रे काढली. गणिताचे पुस्तक उघडून मुले आपण होऊन पाने चाळू लागली, ही घटना शिक्षणाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. उदाहरणे त्यांनी सोडवली की नाही, हा भाग निराळा.

डमी तयार झाली की ती मुलांपुढे वाचून पाहतात. हा अनुभव नम्र करणारा असतो. ज्या वाक्यावर दोन महिने घालवले तिथे वर्ग शांत बसतो, आणि वाचणाऱ्याला मध्येच उचकी लागते तेव्हा पोट धरून हसतो. कोणीतरी विचारतो, "हे तुम्ही बघून काढलंत का?" दुसरा सांगतो, आमच्याकडे याच्याहून मोठी पाल आहे. वर्ग खरोखर आवडीने ऐकतो आहे याची खूण एकच: संपल्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही, "परत" असे ओरडतात. घरी तर तेच पुस्तक बापाला सलग चाळीस रात्री वाचायचे असते. वाक्य चांगले आहे की नाही ते चाळिसाव्या रात्री, बापाचे डोळे मिटलेले असताना कळते. तेव्हाही जिभेवरून घसरत नाही ते वाक्य ठेवायचे.

यानंतर प्रकाशक शोधतात. डॉ. सूस यांचे पहिले पुस्तक विसांहून अधिक प्रकाशकांनी परत केले. अखेर ते बाड काखोटीला मारून न्यू यॉर्कच्या रस्त्याने निघाले असता कॉलेजातला एक जुना ओळखीचा भेटला. तो त्याच दिवशी एका प्रकाशनसंस्थेत बालपुस्तकांचा संपादक झाला होता. १९३७ मध्ये पुस्तक निघाले. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालले असते तर काय, हा प्रश्न त्यांनाही पुढे पडत असे. बिट्रिक्स पॉटर यांनाही नकार मिळाले, तेव्हा त्यांनी १९०१ च्या डिसेंबरात त्या सशांच्या गोष्टीच्या २५० प्रती पदरच्या पैशांनी छापल्या. पुढच्याच वर्षी एका प्रकाशकाने ते पुस्तक रंगीत चित्रांसह काढले. इथे स्वखर्चाने छापलेल्या प्रती बहुधा पलंगाखाली राहतात आणि पुढची काही वर्षे वाढदिवसांना उपयोगी पडतात.

पुस्तक निघाल्यावर किमतीची चर्चा होते. चारी रंगांत, जाड कागदावर छापायचे तर खर्च येतोच, पण पालक पुस्तक तळहातावर ठेवून वजन बघतो आणि म्हणतो, "एवढीशी पानं, आणि अक्षरं तर त्याहून कमी!" अक्षरे कमी असल्याबद्दल डॉ. सूस यांच्यावर पैज लागली होती, हे त्याला माहीत नसते. घरी परिचित विचारतात, "मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" विंदा करंदीकरांनी मुलांसाठी 'राणीची बाग' लिहिली आणि त्यांना पुढे ज्ञानपीठही मिळाले, हे उत्तर तयार ठेवण्यासारखे आहे. मात्र त्यावर "मग तुम्हाला कधी?" असा पुढचा प्रश्न येतो.

कल्पना सुचल्यापासून छापील प्रत हाती येईपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात. ज्या मुलासाठी ती गोष्ट पहिल्यांदा रचली, ते तोवर तिसरीत गेलेले असते. पहिली प्रत रीतीप्रमाणे त्यालाच देतात. ते पाने भराभर उलटते, गोधडी खाणाऱ्या शेळीपाशी जरा थांबते, आणि पुस्तक परत करून सांगते, "हे लहान मुलांचं आहे."